कंपनातून जलशुद्धी : दाबविद्युत उत्प्रेरक आणि वालधुनीचे पाणी

कापडाचे रंग, औषधांचे अवशेष आणि कारखान्यांतील सेंद्रिय रसायने पाण्यातून काढणे हा कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ पट्ट्यातील जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. पाण्यात केवळ कंपने निर्माण करून ही रसायने मोडू शकणाऱ्या स्फटिकांवर गेल्या दीड दशकात जगभर संशोधन झाले आहे. 'दाबविद्युत उत्प्रेरक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थांचे कार्य कसे चालते, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि विठ्ठलवाडीजवळून वाहणाऱ्या वालधुनीसारख्या नदीला त्यांचा कितपत उपयोग होऊ शकेल, याचा हा आढावा.

वालधुनीची पार्श्वभूमी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडले की पहिले स्थानक विठ्ठलवाडी. या स्थानकाच्या परिसरातून जाणारी वालधुनी ही नदी आहे, हे अनेक प्रवाशांना ठाऊकही नसते. तिची ओळख काळ्या पाण्याचा नाला अशीच झाली आहे. अंबरनाथजवळच्या काकोळे गावाच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर नदीकाठीच बांधले गेले, यावरून तिचे पूर्वीचे महत्त्व लक्षात यावे. पुढे उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि कल्याण असा प्रवास करून ती उल्हास नदीच्या खाडीपात्राला मिळते.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी १९४९ मध्ये वसवलेल्या उल्हासनगरात लघुउद्योगांची वाढ झपाट्याने झाली. त्यांपैकी जीन्स शिवणे, रंगवणे आणि धुणे या व्यवसायाने शहराला देशभर ओळख दिली. जीन्सला 'जुनाट' रूप देण्यासाठी ती वारंवार धुतली जाते, तिच्यावर विरंजक रसायनांचा मारा केला जातो आणि गरजेप्रमाणे पुन्हा रंग चढवला जातो. या प्रत्येक टप्प्याला भरपूर पाणी लागते आणि तेवढेच रंगीत पाणी बाहेर पडते. त्यात अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांचे आणि घरगुती सांडपाण्याचीही भर पडली. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरला आणि काठच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले.

'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०१५ मध्ये स्थानिक नगरपालिका, महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये उल्हासनगरातील शेकडो जीन्स धुलाई कारखान्यांना टाळे लागले. काहींनी आसपासच्या भागांत बस्तान हलवले. नदीचा श्वास मोकळा व्हावा म्हणून रोजगाराचे दार बंद करावे लागले, आणि तरीही नदी स्वच्छ झाली नाही, असा हा दुहेरी तोटा आहे. लहान कारखानदाराला परवडेल अशी शुद्धीकरणाची पद्धत सापडणे ही त्यामुळे केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची बाब राहत नाही.

रंग हट्टी का असतो

कापडाचा रंग धुण्याने, उन्हाने आणि घामाने जाऊ नये, अशाच रीतीने त्याचा रेणू घडवलेला असतो. जो गुण कापडावर हवा, तोच पाण्यात गेल्यावर दोष ठरतो. मैलापाणी शुद्धीकरणात वापरले जाणारे जीवाणू साखर, स्टार्च, प्रथिने सहज पचवतात. परंतु बेंझिनची कडी असलेले रंगाचे रेणू त्यांना पचत नाहीत.

कृत्रिम रंगांतील सर्वांत मोठा गट 'ॲझो' रंगांचा आहे. त्यांत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. हा बंध तुटला की रंग दिसेनासा होतो. मात्र त्यातून ॲरोमॅटिक अमाइन नावाची संयुगे तयार होऊ शकतात आणि त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. अशी अमाइन सोडणाऱ्या अनेक रंगांवर जर्मनीने आणि पाठोपाठ भारतानेही १९९० च्या दशकात बंदी घातली. तात्पर्य, पाणी नितळ दिसणे आणि पाणी निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सध्याच्या उपायांनाही मर्यादा आहेत. तुरटी किंवा लोहक्षार टाकून रंग खाली बसवता येतो, पण मग विषारी गाळाचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. कोळशाच्या भुकटीत रंग शोषला जातो. तो नष्ट होत नाही, त्याची जागा फक्त बदलते. ओझोन प्रभावी असला तरी महाग पडतो. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणाऱ्या फेंटन प्रक्रियेत सतत रसायने घालावी लागतात आणि गाळही निघतो. प्रदूषक जागेवरच मोडून टाकावा, शक्यतो नवे रसायन न घालता, या शोधातून दाबविद्युत उत्प्रेरकांकडे लक्ष गेले.

दाबविद्युत म्हणजे काय

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या दोन बाजूंवर धन आणि ऋण विद्युत्भार प्रकट होतात. ज्याक आणि प्येअर क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टुर्मलीन आदी स्फटिकांत हा गुणधर्म दाखवून दिला. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी याच्या उलट परिणामाचे, म्हणजे विद्युत्दाब दिल्यास स्फटिक आकुंचन वा प्रसरण पावेल याचे, गणिती भाकीत केले व क्यूरी बंधूंनी ते पडताळून पाहिले.

या गुणधर्माचा वापर घराघरांत होतो. स्वयंपाकघरातील गॅस लायटरचा खटका दाबला की आतल्या लहानशा सिरॅमिक दांड्यावर आघात होतो आणि काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊन ठिणगी उडते. मनगटी घड्याळातील क्वार्ट्झ, सोनोग्राफीचे उपकरण, जहाजांवरील सोनार ही त्याचीच उदाहरणे.

सर्वच स्फटिकांत हे घडत नाही. स्फटिकाच्या अंतर्गत रचनेत सममितीचे केंद्र नसणे ही त्याची अट आहे. स्फटिकांच्या एकूण ३२ वर्गांपैकी २० वर्गांत दाबविद्युत गुण आढळतो. बेरियम टायटनेट हा त्यांतील बहुचर्चित पदार्थ. त्यातील टायटॅनियमचा अणू मध्यभागापासून किंचित सरकलेला असतो, त्यामुळे स्फटिकाला कायमचे धन आणि ऋण टोक लाभते. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास ही रचना सममित होते आणि गुणधर्म नाहीसा होतो. झिंक ऑक्साइड, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे अतिपातळ थर आणि पीव्हीडीएफ नावाचे प्लास्टिक हेही याच कुळातील होत.

पृष्ठभागावर काय घडते

लायटरमध्ये दाबातून ठिणगी मिळते. पाण्यात टाकलेल्या स्फटिकाच्या भुकटीत ठिणगीऐवजी रासायनिक क्रिया घडते. कंपनांमुळे भुकटीचा प्रत्येक कण क्षणोक्षणी दाबला आणि सैल सोडला जातो. त्याच्या दोन टोकांवर विरुद्ध भार जमतात. ऋण भार असलेल्या बाजूला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि सुपरऑक्साइड तयार होते. धन भाराच्या बाजूला पाणी किंवा हायड्रॉक्साइड आयन इलेक्ट्रॉन गमावतो आणि हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतो.

हायड्रॉक्सिल मूलक हा या प्रक्रियेचा खरा कर्ता आहे. पाण्यातील ऑक्सिडीकरणाची ताकद व्होल्टमध्ये मोजली तर क्लोरीनची १.३६, ओझोनची २.०७ आणि हायड्रॉक्सिल मूलकाची सुमारे २.८ भरते. समोर येणाऱ्या जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूवर तो तुटून पडतो. मोठा रेणू लहान तुकड्यांत मोडतो आणि क्रिया शेवटपर्यंत गेली तर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार उरतात. मात्र या मूलकाचे आयुष्य अत्यल्प असते. जेथे जन्मला त्याच्या अगदी जवळ प्रदूषक सापडला तरच त्याचा उपयोग. म्हणूनच उत्प्रेरकाचे कण सूक्ष्म ठेवून त्यांचे एकूण पृष्ठफळ वाढवले जाते.

हे इलेक्ट्रॉन नेमके येतात कोठून, याबद्दल शास्त्रज्ञांत दोन मते आहेत. पदार्थाच्या आतील ऊर्जापट्ट्यांतील मुक्त इलेक्ट्रॉन दाबामुळे निर्माण झालेल्या विद्युत्क्षेत्राने पृष्ठभागाकडे ढकलले जातात, असे पहिले मत. स्फटिकाचा भार झाकण्यासाठी पाण्यातून येऊन चिकटलेले भार दाब बदलताच मोकळे होतात व तेच क्रिया घडवतात, असे दुसरे. वेगवेगळ्या पदार्थांत या दोहोंचे प्रमाण वेगळे असावे, असा कल दिसतो.

संशोधनाची वाटचाल

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संशोधकांनी २०१० मध्ये झिंक ऑक्साइड आणि बेरियम टायटनेटचे सूक्ष्म स्फटिक श्राव्यातीत ध्वनीने कंपित करून पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन मिळवले. त्याच गटाने २०१२ मध्ये बेरियम टायटनेट वापरून 'ॲसिड ऑरेंज ७' या ॲझो रंगाचे विघटन करून दाखवले. पाण्यातील प्रदूषकांवर या तत्त्वाचा वापर करण्याची दिशा तेथून रूढ झाली. तैवानमधील त्सिंग हुआ राष्ट्रीय विद्यापीठात २०१६ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या फुलासारख्या सूक्ष्म रचना वापरून पूर्ण अंधारात रंगाचे विघटन साधण्यात आले.

भारतात हिमाचल प्रदेशातील मंडी येथील आयआयटीत राहुल वैश यांच्या गटाने बेरियम टायटनेट आणि त्यात कॅल्शियम, झिर्कोनियम मिसळून केलेल्या सिरॅमिक पदार्थांवर सातत्याने काम केले आहे. शिशाचा अंश असलेला पीझेडटी हा सिरॅमिक पदार्थ दाबविद्युत गुणात सरस असला तरी पाणी शुद्ध करण्यासाठी शिसे वापरणे हा विरोधाभासच ठरेल. त्यामुळे शिसेविरहित पर्यायांवर भर देण्यात येतो.

उन्हावर चालणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकांशी तुलना केल्यास या पद्धतीचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या या गुणाकडे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांच्या १९७२ मधील शोधनिबंधाने जगाचे लक्ष वेधले. परंतु त्याला अतिनील किरण लागतात आणि पृथ्वीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. शिवाय जीन्स धुतलेल्या गडद निळ्या पाण्यात प्रकाश काही सेंटिमीटरही नीट शिरत नाही. कंपनांना मात्र पाणी काळे आहे की नितळ, दिवस आहे की रात्र, याने फरक पडत नाही.

ऊर्जेचा हिशेब

उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, हे खरे. पण कंपने फुकट मिळत नाहीत. बहुतेक प्रयोग श्राव्यातीत ध्वनीच्या पात्रात, साधारण ४० किलोहर्ट्झ कंप्रतेला केले जातात. समजा, १०० वॅटच्या अशा पात्रात १०० मिलिलिटर रंगीत पाणी तासाभरात स्वच्छ झाले. त्यासाठी ०.१ युनिट वीज लागली. या हिशेबाने एक लिटरला एक युनिट आणि एक घनमीटर, म्हणजे हजार लिटरला हजार युनिट होतात. दररोज दहा लाख लिटर सांडपाणी हाताळायचे तर दहा लाख युनिट वीज लागेल. याउलट मैलापाण्याच्या रूढ जैविक प्रक्रियेला घनमीटरमागे साधारण एक युनिटही पुरते. मोठी पात्रे अधिक कार्यक्षम असू शकतील, तरी ही दरी शेकडो पटींची आहे. प्रयोगशाळेतील यश कारखान्याच्या आवारात न उतरण्याचे हे मुख्य कारण होय.

म्हणून संशोधकांचे लक्ष कमी कंप्रतेच्या आणि वाया जाणाऱ्या यांत्रिक ऊर्जेकडे वळले आहे. पाणी ढवळणे, नळातील खळाळता प्रवाह, पंपांची थरथर यांतून उत्प्रेरक जागृत करता येईल का, याची चाचपणी सुरू आहे. लवचिक पीव्हीडीएफचे पापुद्रे आणि सच्छिद्र स्पंज मंद प्रवाहातही वाकतात, हे त्यांचे बलस्थान. मात्र दाब कमी तर निर्माण होणारा भार कमी आणि क्रिया मंद, हा हिशेब सुटत नाही.

महाराष्ट्रातील दुवा

पाण्यातील यांत्रिक ऊर्जेने प्रदूषक मोडण्याच्या विषयात महाराष्ट्र नवखा नाही. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, पुढे संस्थेचे कुलगुरू झालेले अनिरुद्ध पंडित यांनी कॅव्हिटेशनवर दीर्घकाळ संशोधन केले. अरुंद छिद्रातून वेगाने जाताना पाण्याचा दाब इतका उतरतो की सामान्य तापमानालाच त्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे उठतात. पुढे दाब वाढताच ते फुटतात. फुटण्याच्या त्या क्षणी बुडबुड्याच्या जागी काही हजार अंश तापमान निर्माण होऊन हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. यासाठी साधा पंप आणि छिद्रे पाडलेली तबकडी पुरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे आणि विनय भंडारी यांनी याच तत्त्वावर भोवरा निर्माण करणारे, हलते भाग नसलेले उपकरण विकसित करून औद्योगिक सांडपाण्यावर त्याचा वापर केला.

फुटणाऱ्या बुडबुड्याचा जबर आघात हाच दाबविद्युत कणाला लागणारा दाब पुरवू शकतो. त्यामुळे दोन्ही पद्धतींची सांगड घालणे ही महाराष्ट्राच्या दृष्टीने स्वाभाविक दिशा ठरू शकते. यात एक सावधगिरी मात्र हवी. श्राव्यातीत ध्वनीच्या प्रयोगांतही असेच बुडबुडे फुटतात आणि उत्प्रेरकाशिवायही काही प्रदूषक मोडतो. कणांच्या परस्पर घर्षणातून आणि पाणी तापल्यामुळेही क्रिया होते. मग दाबविद्युतेचे श्रेय नेमके किती? ज्याची रचना सममित आहे असा त्याच पदार्थाचा स्फटिक त्याच परिस्थितीत वापरून तुलना केल्याखेरीज याचे उत्तर मिळत नाही.

काचपात्र आणि नाला

प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात एकच रंग, तोही लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकाच, मिसळलेला असतो. विठ्ठलवाडीच्या पुलाखालच्या पाण्यात मैला, साबण, तेल, क्षार आणि गाळ एकत्र असतात. रंगाईच्या सांडपाण्यात मीठ विपुल असते. क्षारांचे आयन स्फटिकाच्या पृष्ठभागावरील भार झाकून टाकतात. बायकार्बोनेट आणि क्लोराइड हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच गिळतात. तेलाचा थर कणांवर बसतो. साध्या मैल्यावर ही महागडी मूलके खर्ची पडणे म्हणजे तोफेने चिलटे मारण्यासारखे आहे.

दुसरी अडचण भुकटी परत मिळवण्याची. अतिसूक्ष्म कण गाळणीतून निसटले तर उत्प्रेरकच नवा प्रदूषक बनेल. पिण्याच्या पाण्यातील बेरियमसाठी भारतीय मानकाने लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, हे येथे विसरता येणार नाही. कण पापुद्र्यात किंवा सिरॅमिक तुकड्यात बसवल्यास ते वाहून जात नाहीत, पण पाण्याशी येणारा त्यांचा संपर्कही घटतो.

उपयोग कोठे होऊ शकेल

या सर्व मर्यादा लक्षात घेता वाहत्या वालधुनीत हे उत्प्रेरक सोडून नदी स्वच्छ होईल, ही अपेक्षा चुकीची आहे. मैलापाणी नदीत येण्यापूर्वी अडवणे, टँकरमधून होणारी चोरटी विल्हेवाट थांबवणे आणि असलेली प्रक्रिया केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवणे यांना कोणतेही नवे तंत्रज्ञान पर्याय ठरू शकत नाही. २०१४ मधील दुर्घटना शुद्धीकरणाचे शास्त्र अपुरे पडल्यामुळे घडली नव्हती. रसायन थेट पात्रात सोडल्यामुळे घडली होती.

या तंत्राची संभाव्य जागा आहे ती जैविक प्रक्रियेनंतरच्या शेवटच्या टप्प्यात. जीवाणूंना न पचलेले, अल्प प्रमाणात उरलेले रंग, प्रतिजैविके आणि तत्सम रसायने मोडण्यासाठी लहान प्रमाणावर त्याचा विचार होऊ शकतो. दुसरी जागा जैविक प्रक्रियेच्या आधीची : रेणूचे मोठे तुकडे झाले की उरलेले काम जीवाणू स्वस्तात करू शकतात. रंग काढलेले पाणी पुन्हा धुलाईसाठी वापरता आले तर कारखानदाराचा पाण्याचा खर्चही वाचेल आणि प्रक्रियेचा काही खर्च त्यातून भरून निघेल.

दावा तपासताना

नव्या तंत्राच्या प्रात्यक्षिकात निळे पाणी काही मिनिटांत नितळ होताना दिसते. नगरपालिका, कारखानदार संघटना आणि नागरिकांनी अशा वेळी पुढील मुद्दे विचारणे हिताचे ठरेल.

* केवळ रंग गेला की रासायनिक ऑक्सिजन मागणी आणि एकूण सेंद्रिय कार्बनही घटला? नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी देशातील सर्वसाधारण मर्यादा रासायनिक ऑक्सिजन मागणीला लिटरमागे २५० आणि जैविक ऑक्सिजन मागणीला ३० मिलिग्रॅम आहे.
* चाचणी शुद्ध पाण्यातील रंगावर झाली की कारखान्याच्या प्रत्यक्ष सांडपाण्यावर?
* उत्प्रेरक न टाकता, केवळ कंपने देऊन किती परिणाम झाला?
* रंग मोडला की भुकटीवर नुसता शोषला गेला?
* दर घनमीटरला किती युनिट वीज लागली?
* तीच भुकटी किती वेळा वापरता आली आणि पाण्यात तिचा किती अंश उतरला?

या सहा प्रश्नांची आकड्यांत उत्तरे मिळाली तर तंत्राची योग्यता ठरवता येते. विठ्ठलवाडी परिसरातील लहान उद्योगांपुरता सर्वांत निर्णायक प्रश्न पाचवा आहे. विजेचा खर्च शेकडो पटींनी खाली आला नाही, तर दाबविद्युत उत्प्रेरक प्रयोगशाळेबाहेर पडणार नाहीत. तो आला, तर कारखाना की नदी अशी निवड करण्याची वेळ निदान काही ठिकाणी टळू शकेल.